मामा की काका: एका रोमन उमरावासाठी बेलापूर

बुधवारी दुपारी मुद्रितं परत आली. मुद्रितशोधक बाईंनी सव्विसाव्या पानाच्या समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते. 'मामा कशावरून?'

तीन वर्षं मी एका रोमन उमरावावर पुस्तक लिहीत होतो. मार्कुस काल्विउस हे त्याचं नाव. फार मोठा माणूस नव्हे. सेनेटमध्ये होता, पण मागच्या बाकावर. एका प्रांताचा कारभार त्याने वर्षभर पाहिला आणि कोणाची तक्रार न येता परत आला. एवढ्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही. मी लिहिलं ते त्याच्या घरच्या माणसांसाठी. मार्कुस नऊ वर्षांचा असताना बाप वारला. एका नातेवाइकाने त्याला घरी नेलं, वाढवलं आणि पुढे आपली मुलगी दिली. मार्कुसला मूल झालं नाही, तेव्हा त्याने बहिणीचा मुलगा दत्तक घेतला. दाईला गुलामीतून मोकळं केलं आणि ती गेल्यावर तिच्या नावाने दगड उभारला. वाढवणाऱ्या नातेवाइकाच्या नावानेही उभारला. गोष्ट या दुसऱ्या दगडाची आहे.

ज्या इंग्रजी पुस्तकावरून मी हे सगळं घेतलं त्यात दगडाचा मजकूर एका ओळीत दिला आहे. 'विश्वासू अंकलला आणि सासऱ्याला.' एकाच माणसाला. इंग्रजीत अंकल म्हटलं की भागतं. मराठीत भागत नाही. पण मला शंकाही आली नाही. ज्याची मुलगी केली तो मामाच असणार. आमच्या भागात सासऱ्याला हाकही मामा अशीच मारतात. मी मामा लिहिलं आणि पुढे गेलो. विश्वासू हा शब्द मामाला शोभेना, म्हणून त्याचा जिवाभावाचा केला. तिसऱ्या प्रकरणाला नाव दिलं 'मामाचं घर'. अकरा पानं. अंगणातलं अंजिराचं झाड, मामीच्या हातचा मध लावलेला पाव, मामाच्या खांद्यावरून पाहिलेली मिरवणूक. आधार थोडा होता. मामा म्हटल्यावर हात सैल सुटला. ज्यांनी हस्तलिखित वाचलं त्या सगळ्यांना तेच प्रकरण आवडलं होतं.

पुस्तक सोमवारी दुपारी छपाईला जायचं होतं.

लॅटिनमध्ये मामा आणि काका यांना वेगवेगळे शब्द आहेत, हे शब्दकोशात पाच मिनिटांत सापडलं. दगडावर त्यातला कोणता ते सापडेना. इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी दगडाचा फोटो होता, पोस्टकार्डाएवढा. अक्षरं झिजलेली, शब्दांमध्ये जागा नाही, डावा कोपरा उडालेला. मोबाईलला फोटो दाखवला. तो म्हणाला, काका. मग लॅटिनमधला मामाचा शब्द टाकून त्याचा अर्थ विचारला. त्यालाही तो काका म्हणाला.

प्रकाशकांनी एक नाव सुचवलं. बेलापूरचे त्रिभुवन सर. तरुणपणी फादर होण्यासाठी नऊ वर्षं शिकले, लॅटिन त्यातच झालं. मग ते सोडून हायस्कुलात मराठी शिकवलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. मी फोन केला आणि विचारलं, फोटो पाठवू का.

"माझा फोन बटणांचा आहे," सर म्हणाले. "आणि दगड वाचायचा तर उन्हात वाचायला हवा. पुस्तक घेऊन या."

नीला, माझी बायको, शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "मामा नाही निघाला तर?"

"अकरा पानं जातील."

"मग मी येते. अकरा पानं घालवून तू एकटा परत येणार, ते नको."

शुक्रवार

पुण्याहून सकाळची गाडी धरा. दौंड, नगर, राहुरी, मग बेलापूर. चार तास धरून चाला, कधी पाच. स्लीपरचं तिकीट दोनशेच्या आसपास. डब्यात काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही घरून थालीपीठ नेलं होतं. नगरच्या स्टेशनवर पाटी अहिल्यानगर अशी झाली आहे. चहावाला अजून 'नगर, नगर' ओरडत होता. चहा बरा होता.

जानेवारीचा पहिला आठवडा. नगर सुटल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी, मग ज्वारी मागे पडली आणि ऊस सुरू झाला. राहुरीच्या पुढे साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत आला आणि तो आमच्याबरोबर बेलापुरापर्यंत आला. नीलाने नाकाला रुमाल लावला. समोरच्या बाकावरच्या बाई हसल्या. "दोन दिस ऱ्हावा, मग येतच न्हाई वास," त्या म्हणाल्या. खरं होतं. दुसऱ्या दिवशी आला नाही.

मी मांडीवर मुद्रितं घेऊन बसलो होतो. त्या बाईंनी विचारलं, परीक्षेचे पेपर का. मी म्हटलं, पुस्तक आहे, एका रोमन माणसावर. कुठल्या गावचा, त्यांनी विचारलं. रोमचा. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "मुलंबाळं किती?"

मूल नव्हतं, बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, असं मी सांगितलं.

"मंग वंश चालला म्हनायचा," त्या म्हणाल्या आणि समाधानाने पेरू कापायला घेतला. त्यातली एक फोड मला मिळाली. तीन वर्षांत मार्कुसबद्दल एवढा थेट प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता एक सूचना, जाणाऱ्यांसाठी. बेलापूर स्टेशनवर उतरलात म्हणजे बेलापुरात आलात असं नाही. आम्ही उतरलो, बाहेर आलो, रिक्षावाल्याला विचारलं, त्रिभुवन सरांचं घर कुठे.

"कुठल्या गल्लीत?"

"चर्चच्या मागे, बेलापूरला."

"मंग बेलापूरला जावा की."

"बेलापूरला तर उतरलो."

"हे श्रीरामपूर हाय, मामा. स्टेशनाचं नाव बेलापूर. बेलापूर त्या तिकडं." त्याने हात केला. "कुनी बी फसतंय. बसा."

शेअर रिक्षात माणशी वीस रुपये. रस्ता सपाट, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे रिक्षा अडकते. पुढे ट्रॉली, तिच्या मागे कांडी ओढायला धावणारी शेळी, तिच्या मागे आम्ही. वाटेत रिक्षावाल्याने विचारलं, सरांकडे काय काम. मी म्हटलं, दगड वाचून घ्यायचा आहे. उतरताना तो नीलाला हळूच म्हणाला, "सर दगड बी बघत्यात व्हय? आम्हाला ठाव नव्हतं. पत्रिकेसारखं का?"

सरांच्या ओसरीवर नाताळची कागदी चांदणी अजून टांगलेली होती. सर उंच, वाळके, पांढरा सदरा. त्यांच्या मंडळी रूथबाई बुटक्या, घाईच्या. पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी त्यांना काकू म्हटलं.

"काकू नगं," त्या म्हणाल्या. "मावशी म्हना. काकू म्हनलं की वाटनी मागायला आल्यावानी वाटतं."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. सरांनी ते माझ्या हातातून घेतलं, बंद केलं आणि खिडकीत ठेवलं. "आधी जेवण. ऊन अजून डोक्यावर आहे. तिरपं झालं की अक्षरं वर येतात."

"फोटोतली?"

"तुमच्या डोळ्यांना आधी विश्रांती मिळू दे. फोटोतलीही येतील."

जेवण चांगलं होतं म्हणून लिहितो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाचा ठेचा. शेवटी नाताळच्या फराळातल्या उरलेल्या करंज्या. नीलाने तीन खाल्ल्या. मी खिडकीकडे पाहत होतो.

तीनच्या सुमारास सर ओसरीच्या पायरीवर बसले. रूथबाईंनी भिंग आणलं. सरांनी पुस्तक उन्हात तिरपं धरलं, नीलाच्या हातात पेन्सिल दिली आणि एकेक अक्षर सांगू लागले. यू लिहायचा तिथे व्ही कोरलेला असतो, एवढं तिला आधी सांगून ठेवलं. डावीकडचा कोपरा फुटलेला, तिथलं काही नाही. मग टी. आर. व्ही. ओ. ते थांबले.

"मामाचा शब्द लांब आहे," सर म्हणाले. "त्याच्या शेवटी एल-ओ येतं. इथे टी-आर-यू-ओ आहे. त्याआधीची दोन अक्षरं उडाली आहेत, ती पी आणि ए." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पात्रुओ. चुलता."

नीलाने पेन्सिल कानामागे खोचली.

"नक्की?" मी विचारलं.

"दगड सोडा. तुमच्या बायकोचं नाव काय?"

"नीला."

"मार्कुसच्या हो."

"काल्विया."

"आणि त्याचं आडनाव?"

"काल्विउस. लग्नानंतर तिने त्याचं आडनाव लावलं. बाविसाव्या पानावर लिहिलं आहे तसं."

सर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात एखाद्याने सोपं गणित चुकवल्यावर बघावं तसं. "रोमन बाई लग्नानंतर नाव बदलत नव्हती. माहेरचं नाव मरेपर्यंत. ती काल्विया, कारण तिचा बाप काल्विउस. मार्कुस काल्विउस, कारण त्याचा बाप काल्विउस. दोन सख्खे भाऊ. दगड वाचायचीही गरज नव्हती."

"मरेपातूर?" रूथबाईंनी विचारलं.

"मरेपर्यंत."

"बरं हुतं की. माझं सर्व्हिस बुकात नाव बदलायला दीड वरीस गेलं."

नीला हसायला लागली. थांबेना. "एकशे चाळीस पानं," ती म्हणाली. "आणि उत्तर बाविसाव्या पानावर. स्वतःच लिहिलेलं."

मलाही हसू आलं, पण नीट आलं नाही. तेवढ्यात रूथबाईंच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. "म्हंजी त्यानं चुलतबहीन केली?"

"केली," सर म्हणाले. "फार जुन्या काळी त्यांच्यातही चालत नव्हतं. नंतर चालायला लागलं."

"शी!"

"आपलं कसं झालं ते सांग की यांना."

रूथबाईंनी पदर सारखा केला. "माझा बाप ह्यांचा मामा. गावात कुनाला काय वाटलं न्हाई, आमच्यात हुतंच आसं. पन चर्चमधी मामाची लेक बी भनच धरत्यात. बिशपची चिठ्ठी लागती. चार म्हयने थांबलो. चिठ्ठी आली ती लॅटिनमधी. वाचनार कोन? हेच. काय लिवलं हुतं ते मला आजून ठाव न्हाई."

"लिहिलं होतं, मुलगी बोलकी आहे, पुन्हा विचार करा," सर म्हणाले.

"बघा! पन्नास वर्सं झाली, दर टायमाला येगळं सांगत्यात."

चहा झाला. मी मुद्रितं पिशवीत भरली. म्हटलं, तिसरं प्रकरण काढून टाकतो. सोमवारपर्यंत दुसरं काही होणार नाही.

"का काढता?" सर म्हणाले. "चुलत्याने वाढवलं ना? ते लिहा."

"चुलत्याबद्दल काय लिहू? मामा होता तेव्हा सगळं सुचत होतं."

"रोमन लोकांचंही तसंच होतं. त्यांचा मामा लाडाचा. त्या शब्दाचा मूळ अर्थच छोटा आजोबा. चुलता कडक. कोणी फार उपदेश करायला लागला की त्याला चुलता म्हणत." त्यांनी फोटो पुन्हा उन्हात धरला. "पण एक पाहा. बाप मेला की पोराची जमीन सांभाळायची जबाबदारी चुलत्यावर, असा त्यांचा कायदा. पोर मोठं झालं की परत द्यायची. आणि दगडावर त्याला काय म्हटलंय? फिदेलिस्सिमो. अतिशय विश्वासू."

"मी जिवाभावाचा लिहिलंय."

"मामाला विश्वासू कोण म्हणेल? गरजच पडत नाही. हा शब्द चुलत्यालाच लागतो."

मी विश्वासू असं मुद्रिताच्या कडेला लिहून घेतलं. पण एका शब्दावर प्रकरण उभं राहत नाही. निघताना रूथबाईंनी नीलाच्या पिशवीत करंज्यांचा डबा ठेवला आणि डबा परत आणून द्यायला या म्हणाल्या.

मुक्काम श्रीरामपुरात. स्टेशनजवळ साधी लॉज आहेत, खोली हजाराच्या आत मिळते. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. चादर स्वच्छ होती. मी नऊ वाजता आडवा झालो आणि अंजिराच्या झाडाचा विचार करत पडून राहिलो. ते झाड मला आवडायचं.

शनिवार

परत थेट पुण्याला जायचं ठरलं होतं. नीला म्हणाली, एवढं आलोच आहोत तर शिंगणापूर करू, तिथून नगरला एसटी मिळते. मी म्हटलं, शनिवारी गर्दी असते. ती म्हणाली, प्रकरण काढायलाच निघाला आहेस तर घाई कसली.

श्रीरामपूर ते राहुरी एसटी. बाईला अर्धं तिकीट, हे विसरू नका. नीला कंडक्टरने परत दिलेले पैसे मोजून मला दाखवत होती. राहुरीहून शिंगणापूरला जीप. माणसं कोंबून भरतात, भांडण न करता बसा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रसवंत्या लागतात. बऱ्याच ठिकाणी लाकडी चरक आणि तो ओढणारा बैल. बैल गोल फिरतो, मध्ये उसाचं कांडं घालतात. यंत्राच्या रसापेक्षा हा जाड येतो, गोडही जास्त.

शिंगणापूर शनिवारी पाहू नये. चौथरा उघडा आहे, त्यावर शिळा, आणि आमच्यापुढे हजार डोकी. तेलाने फरशी निसरडी. दर्शनाला दोन तास लागले. घरांना दारं नसतात हे मात्र चालत फिरून पाहा. जुन्या गल्लीत नुसत्या चौकटी आहेत. कुठे पडदा, कुठे कुत्रं येऊ नये म्हणून टेकवलेली फळी. मार्कुसच्या घराचं दार पहाटे उघडत असे आणि बाहेर ताटकळलेली माणसं आत सोडली जात. अर्ज, शिफारसी, मुजरा. दार हेच त्याचं वजन होतं. इथे त्याची पंचाईत झाली असती. एका चौकटीतून बाई बाहेर डोकावल्या आणि नीलाला म्हणाल्या, "या ना आत, बगा." आम्ही उंबऱ्यातूनच घर पाहिलं आणि नमस्कार केला.

नगरकडे जायला गाडी मिळेपर्यंत दीड तास होता. आम्ही गावाबाहेरच्या एका रसवंतीवर बसलो. शेजारी लगटून दुसरी रसवंती. दोन्हीकडे तसाच मांडव, तसाच चरक, तशीच प्लास्टिकची खुर्ची. पण बैल एकच होता, आमच्या बाजूला फिरत होता. पलीकडचा चरक उभा. तिथे एक माणूस टॉवेल खांद्यावर टाकून नुसता बसला होता.

रस देणारी बाई पस्तिशीची होती. नीलाने विचारलं, "पलीकडे बंद आहे का?"

"बंद न्हाई. दुपारून चालू हुतं. बैल सध्या आमच्याकडं हाय."

"बैल दोघांचा?"

"माझा चुलतदीर त्यो. बोलनं न्हाई आमचं." तिने आवाज खाली आणला नाही. "सहा वर्सं झाली. सासऱ्यानं अन् त्यांच्या भावानं मिळून घेतल्याला बैल. जिमीन वाटली, विहीर वाटली. बैल कसा वाटायचा? मंग दुपारपातूर आमच्याकडं, दुपारून तिकडं."

"भांडण होत नाही?"

"बोलनंच न्हाई तर भांडान कसं हुनार?"

एक वाजला. पलीकडचा माणूस उठला. बाईकडे न बघता आला आणि बैलाच्या मानेवरचं जू काढायला लागला. बाईने दावं त्याच्या हातात दिलं, तिनेही बघितलं नाही. मग ती बैलाला उद्देशून मोठ्याने म्हणाली, "पानी पाजलंय बाबा तुला. डाव्या खुराला लागलंय थोडं, हळद लावलीय. आज जास्त पळवू नगं म्हनावं."

माणूस बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता. तोही बैलालाच म्हणाला, "बघितलं म्हनावं सकाळीच. डागदराला सांगितलंय. पाचला यील म्हनावं. अन् त्यांच्या पोरीची फी भरली म्हनावं शाळंत, पावती मास्तराकडं हाय."

बाईने फडक्याने चरक पुसायला घेतला. "ऐकलं म्हनावं," ती बैलाला म्हणाली.

बैल दहा पावलं चालून पलीकडे गेला. तिकडचा चरक करकरत सुरू झाला. आमच्या बाजूला शांतता झाली. नीलाने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून मुद्रितं काढली होती आणि पेन्सिल शोधत होतो. ती आजही नीलाच्याच कानामागे होती.

बाईने विचारलं, "आनखी एक ग्लास देऊ का? ह्यो शेवटचा, आमच्या टायमातला."

दोन घेतले. वीस रुपये ग्लास, लिंबू-आलं त्यातच.

शिंगणापूर ते नगर एसटीला तासभर लागला. तिथून पुण्याला तीन तास, वाघोलीत एक तास जादा. खिडकीला टेकून मी मुद्रिताच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहीत होतो. चुलता मार्कुसला खांद्यावर घेत नाही. तो त्याच्याशी फारसा बोलतही नाही. शेताच्या सीमा दाखवायला नेतो, हा दगड तुझ्या बापाचा, इथवर माझं, पुढे तुझं. दर वर्षी नेतो. दगड हललेला नसतो. पोर चौदा वर्षांचं झाल्यावर पुन्हा नेतो आणि त्या दिवशी मात्र सीमेच्या अलीकडेच थांबतो. पुढे पोराने एकट्याने जायचं.

हा प्रसंगही रचलेलाच. पण या वेळी कायद्याला धरून आणि दगडावरच्या शब्दाला धरून. बैल घातला नाही. मोह झाला होता.

घरी

रविवारी संध्याकाळपर्यंत तिसरं प्रकरण झालं. अकराची पाच पानं झाली. अंजीर गेलं, मधाचा पाव गेला, मिरवणूक गेली. नाव ठेवलं 'विश्वासू'. बाविसावं पानही दुरुस्त केलं. बाकी पुस्तकभर जिथे जिथे मामा होता तिथे काका करायचं राहिलं होतं. हाताने शोधत बसलो असतो तर सोमवार उलटला असता. नीला म्हणाली, कॉम्प्युटरला सांग, एका फटक्यात होईल. मामा शोध, काका घाल. झालं. सातव्या प्रकरणात दत्तक भाच्याचा मामा म्हणजे खुद्द मार्कुस, तोही काका होऊन बसला होता. तो तिच्याच लक्षात आला. ते सगळे आम्ही एकेक करून परत मामा केले. सोमवारी अकरा वाजता फाईल पाठवली. मुद्रितशोधक बाईंचा उलट निरोप आला, 'काका पटला.'

हा प्रवास करावा का, असं मला दोघातिघांनी विचारलं. दोन दिवस, दोघांचे मिळून चार हजारांच्या आत. डोंगर नाही, समुद्र नाही, नगरचा किल्लाही मी पाहिला नाही. ऊस आणि सपाट रस्ते. ज्याला कोणाकडून काही विचारून घ्यायचं आहे त्याने जावं. मला गेलेल्या सहा पानांचं वाईट वाटत राहील असं वाटलं होतं. आता ती पानं उघडली की ती दुसऱ्याच कोणाची वाटतात, ज्याला मामा आवडायचा अशा कोणाची. मार्कुस मात्र मला पूर्वीपेक्षा जास्त कळतो. जिवाभावाच्या माणसाला कोणी दगडावर विश्वासू कोरत नाही. त्याने तो शब्द निवडून घातला होता आणि मी तो गोड करून टाकला होता.

फेब्रुवारीत पुस्तक आलं. पहिली प्रत करंज्यांच्या रिकाम्या डब्यात घालून सरांना कुरिअर केली. चार दिवसांनी फोन आला.

"वाचलं," सर म्हणाले. "तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. चुलता बरोबर आहे."

मी खुर्चीत टेकलो. "बाकी?"

"बाकी एक अडचण आहे. पान एकशे दोन. 'सेनेटचं काम आटोपलं की मार्कुस रोज दुपारी हकाकात जाई.' हकाकात म्हणजे कुठे? मी सगळं लॅटिन आठवून पाहिलं."

मी प्रत उघडली. एकशे दोन. रोमन लोकांच्या सार्वजनिक न्हाणीघरासाठी मी हमाम हा शब्द वापरला होता. हमामात जाई. कॉम्प्युटरला मामा शोधायला सांगितलं होतं, त्याने हमामाच्या पोटातलाही शोधून काढला होता. खालच्या परिच्छेदात हकाकाची वाफ होती. पुढच्या पानावर मार्कुस आणि त्याचा भाचा हकाकात शेजारी शेजारी बसून राजकारण बोलत होते. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.

मी सांगेपर्यंत सर हसत होते. मग फोनमध्ये मागून रूथबाईंचा आवाज आला.

"त्यात इचारायचं काय? चुलत्याकडंच गेला आसंल. दुसरं कोन हुतं त्याला!"